आपलं घर हेरेसला आहे

हेरेस, १२ जानेवारी

लायो,

पत्र लिहायला फार उशीर झाला, रागावू नकोस. रागावलेला असशीलच, तर तो आधीचा राग समज, त्यात याची भर नको. तुझी आई गेली, नऊ दिवस घरात जपमाळ झाली, तू आला नाहीस, आणि मी फोनवर या घराबद्दल तुला जे बोललो ते बोललो. तेव्हापासून तुझा नंबर लागत नाही. कोणी बाई इंग्रजीत काहीतरी सांगते आणि फोन बंद होतो. म्हणून पत्र. हिलारियो दर तीन आठवड्यांनी गाडी भरून सीमेपलीकडे तुमच्या फ्रेस्नोकडे येतो, त्याच्याजवळ देतोय. सोबत चीज आहे आणि गोरदिता, भट्टीतल्या त्या मक्याच्या जाड भाकऱ्या. सीमेवर चीज काढून घेतलं तर हिलारियोवर संशय घेऊ नकोस. म्हणजे थोडा घे, पण फार नको.

अक्षर वाईट आहे. तिसरीतून उठवून मला खोगिरांच्या दुकानात बसवलं, तेव्हापासून हातात पेनापेक्षा आरी जास्त. काही चुकलं तर दोनदा वाच.

काम नोएमीचं आहे. तुझ्या पोरीला सतरा पूर्ण झाली. शाळेचं शेवटचं वर्ष. तिला जनावरांची डॉक्टर व्हायचंय. दुकानात कोणी घोडा घेऊन आलं की ती खोगिराकडे बघतच नाही, घोड्याची पाठ चाचपते आणि गिऱ्हाइकाला तोंडावर सांगते की जखम खोगिरानं झाली आहे. खोगीर बहुतेक वेळा मीच केलेलं असतं.

तिच्या शाळेतल्या ओफेलिया बाईंनी तिच्याकडून तिकडच्या चार कॉलेजांत अर्ज करवलेत. बाईंचं म्हणणं असं की पोरीकडे ग्रीन कार्ड आहे, म्हणजे ती इथे राहत असली तरी त्यांच्या लेखी परदेशी नाही. तिथल्याच मुलांच्या रांगेत उभी राहील, आणि सरकारी मदतही मागू शकेल. कार्ड नसतं तर परदेशी मुलांच्या रांगेत, आणि तिथली फी अशी की दुकान, घर आणि मी, तिन्ही विकले तरी पहिलं वर्ष निघायचं नाही. अर्जात दोन प्रश्न वेगवेगळे असतात म्हणे: कायद्यानं तू कुठली, आणि सध्या राहतेस कुठे. बाईंनी मला पत्ता विचारला. मी नेहमीसारखं अदबीनं म्हटलं, "आपलं घर चर्चच्या मागच्या गल्लीत, बाई." तर त्या हसल्या. म्हणाल्या, "डॉन सेवेरो, अर्जात माझं घर नाही लिहायचं, तुमचं सांगा." मीही हसलो. तेव्हा हसू आलं.

मदतीच्या अर्जाला तुझ्या कमाईचे कागद लागतात आणि तुझी सही. तिची आई आराचेली असती तर तिनं केलं असतं. आई नाही तर बाप, असा त्यांचा नियम आहे. पाठव. दोन ओळी लिहिल्यास तरी चालेल.

नोएमीनं मला लिहायला सांगितलेलं नाही. तिला माहीतही नाही. ती शाळेत आहे, म्हणून आत्ता बसलोय.

नाताळात आम्ही दोघं बसनं सीमेपर्यंत जाऊन आलो. थंडी होती, माझे गुडघे धरले. त्याबद्दल पुढे कधीतरी. बाकी सगळं ठीक.

तुझा बाप,
सेवेरो


हेरेस, ३ फेब्रुवारी

लायो,

हिलारियो परत आला. म्हणतो पत्र दिलं, पण तुझ्या हातात नाही, तुझ्या दुसऱ्या बायकोच्या, ब्रेंदाच्या हातात. तिनं दार अर्धंच उघडलं, कडेवर पोर होतं, म्हणाली ठेवून जा. मी त्याला विचारलं, चीज घेतलं का? म्हणे चीजही घेतलं. मग निदान घरात काहीतरी गेलं.

ब्रेंदाबद्दल माझं काही वाईट मत नाही हे तिला सांग. मी तिला पाहिलेलं नाही. न पाहिलेल्या माणसाबद्दल मी मत ठेवत नाही. तुझी आई ठेवायची.

मागच्या पत्रात म्हटलं होतं की बाकी सगळं ठीक. ते तसं नाही.

तुला आठवत असेल, दर नाताळात तू नोएमीचं तिकीट पाठवायचास आणि ती तिकडे येऊन जायची. आराचेलीच्या कबरीवर फुलं ठेवून यायची. त्यामुळे कार्डाला कधी प्रश्न आला नाही. आधीच्या नाताळात तुझी आई तोमासा अंथरुणाला खिळली होती, पोरगी तिच्या उशाशी बसून राहिली, गेली नाही. तू तिकीट पाठवलंस, ते वाया गेलं, मला माहीत आहे. या नाताळात तिकीट आलं नाही, आणि मी मागितलं नाही. म्हटलं, बसनं नेतो. ओफेलिया बाईंची मावसबहीण तिकडे आहे, तिच्याकडे चार दिवस राहायचं, एक कॉलेज बघायचं, कबरीवर जायचं, परत यायचं. तुला कळवायचं नाही असं ठरलं होतं. कोणी ठरवलं ते आता महत्त्वाचं नाही.

पण तोवर ती त्यांच्या देशाबाहेर राहून वर्ष उलटून गेलं होतं. वर्ष उलटलं की ते लोक विचारायला लागतात. मला हे कोणी सांगितलं नाही. ओफेलिया बाईंनाही नीट ठाऊक नव्हतं, त्या इतिहास शिकवतात. इथे सगळे म्हणतात, कार्ड दाखवायचं आणि चालू पडायचं.

सीमेच्या पुलावरच्या साहेबानं आम्हाला बाजूच्या खोलीत नेलं. बरंच काही विचारलं, काही उत्तरं दिली गेली, आणि त्यानं तिचं कार्ड ठेवून घेतलं. एक कागद पुढे केला की मी हे कार्ड आपखुशीनं सोडते, इथे सही कर. मी म्हटलं, कर पोरी, साहेबाला राग नको. तिनं पेन उचललंच नाही. मग त्यांनी तिला कोर्टाची तारीख दिली, ३० मार्च. जज ठरवणार की कार्ड तिचं राहिलं की गेलं. तोवर घरी जा, म्हणाले.

तो साहेब तरुण होता, दाढी नीट न केलेला. नाव आपल्याकडचं, पण आपली भाषा त्याच्या तोंडात अशी, जशी दुसऱ्याच्या मापाची चप्पल. चूक त्याची आहे. त्या खोलीत उकडत होतं, ते एक. आणि नोएमीनं फाटका कोट घातला होता, मी निघताना सांगितलं होतं की दुसरा घाल.

म्हणजे आता फक्त कमाईचे कागद पुरणार नाहीत. पण आधी ते तरी पाठव.

सेवेरो


हेरेस, २४ फेब्रुवारी

लायो,

कागद मिळाले. हिलारियोनं पाकीट आणून दिलं, तेव्हा मी हातातलं काम टाकून उठलो, आरी पायावर पडली. कमाईचे कागद आहेत, सही आहे, सगळं आहे. ओफेलिया बाई म्हणाल्या, एकही कागद कमी नाही, तुमचा मुलगा व्यवस्थित आहे. मी प्रत्येक कागद उलटून पाहिला, मागे काही लिहिलंय का. मग चहा करायला आत गेलो. परत येतो तर नोएमी तेच कागद एकेक करून उलटून बघत होती. मी पुन्हा आत गेलो.

आता तिला कळलं आहे की मी तुला लिहितो. चिडली. म्हणाली, "आजोबा, त्यांना हात कशाला जोडता? त्यांना मी हवी असते तर ते स्वतःच आले असते." मी म्हटलं, हात जोडत नाही, चीज पाठवतो. त्यावर हसली नाही. थोड्या वेळानं विचारलं, "काय काय लिहिलंत?" मी सांगितलं. "पुलावर तुम्ही काय बोललात ते लिहिलंत?" मी दोऱ्याला मेण लावायला घेतलं. म्हणाली, "मग काय लिहिलंत?"

म्हणून लिहितो.

साहेबानं आधी तिलाच विचारलं होतं. ती नीट सांगत होती, आजी आजारी होती म्हणून थांबले, आता कॉलेजला परत यायचंय. सगळं बरोबर चाललं होतं. मग त्याच्या मनात आलं की मुलगी लहान आहे, सोबतच्या म्हाताऱ्याला विचारावं. माझ्याकडे वळला. मी टोपी काढली.

"ही राहते कुठे?"

आता तूच सांग, लायो. आपल्याकडे परक्या माणसानं घर विचारलं तर 'माझं घर' कोण म्हणतं? माझ्या आईनं मला यासाठी चापट मारली होती, मी तुला मारली होती. घराचा पत्ता सांगायचा तो ऐकणाऱ्याचं घर म्हणून सांगायचा. आणि हा तर साहेब, गणवेशातला, पोरीचं नशीब हातात घेऊन बसलेला. मी अगदी चांगल्यात चांगलं जे येतं ते बोललो. म्हटलं, "साहेब, आपलं घर हेरेसला आहे."

म्हणजे त्याचं. साहेबाचं. या, बसा, खा, असं. त्यानं ऐकलं की हिचं. हिचं आपलं, स्वतःचं.

म्हणाला, "घर हेरेसला?"

मी म्हटलं, "हो साहेब, आपलंच."

"कायमचं?"

मला वाटलं, माणसाला बरं वाटलंय. म्हटलं, "कायमचं, साहेब. जन्मभर आपलंच."

त्यानं लिहून घेतलं. मी बघत होतो आणि मनात म्हणत होतो, काम झालं.

नोएमीच्या लक्षात आलं. ती मध्येच बोलली, ते तसं नाही, ती बोलायची पद्धत आहे, माझं घर तिकडे आहे, माझी आई तिकडे आहे. साहेबानं लगेच मान वर केली. "आई तिकडे राहते?" पोरीनं कोटाची फाटकी बाही आत दुमडली. मग म्हणाली, "पुरलंय तिला तिकडे." त्यानं तेही लिहिलं. नोएमी म्हणते, त्यानं फक्त एक शब्द लिहिला, मयत.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली. तोर्रेओन शहर मागे पडल्यावर म्हणाली, "आजोबा, तुम्ही त्याला आपलं घर दिलंत आणि त्यानं माझं घेतलं." रागानं नाही बोलली. रागानं बोलली असती तर बरं झालं असतं.

तेव्हापासून मी दुकानात बोलायला घाबरतो. परवा गिऱ्हाइकानं विचारलं, माल घरून न्यायचा तर कुठे यायचं? मी म्हटलं, चर्चच्या मागे, माझ्या घरी. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी त्याच्या आईबद्दल काही बोललो.

तिकडे एका चर्चमध्ये एक वकीलबाई आहे, पैसे घेत नाही. नोएमी तिच्याशी फोनवर बोलते. ती म्हणते, सही केली नाही हे फार चांगलं केलं. आता जजला पटवायचं ते एवढंच, की पोरगी इथे पाहुणी म्हणून आली होती, आणि तिचं घर सगळा वेळ तिकडेच होतं. आजीच्या आजारपणाचे डॉक्टरचे कागद आहेत. दर नाताळात येऊन गेली ते आहे. पण मुख्य गोष्ट बापानं सांगायची. पत्रानं नाही, समोर उभं राहून. की मी मुलीला काही दिवसांसाठी पाठवलं होतं, परत आणायचं होतं.

मी वकीलबाईला विचारलं, त्याच्या मनात तसं नसेल तर? ती म्हणाली, खोटं कोणालाच बोलायचं नाहीये, डॉन सेवेरो. तुम्ही त्याला विचारा.

म्हणून विचारतो. आराचेली गेली, ब्रेंदा आली, आणि तू पोरीला सुट्टीपुरतं आमच्याकडे पाठवलंस. तू म्हणालास, सुट्टीपुरती. पुढे सुट्टी संपली, शाळा इथे सुरू झाली, तोमासा आजारी पडली, आणि कोणी काही बोललं नाही. तुझ्या मनात काय होतं, लायो?

सेवेरो


हेरेस, ६ मार्च

लायो,

हिलारियो या वेळी लवकर निघतोय, म्हणून घाईत लिहितो. उत्तर आलं नाही. त्याच्या दोन फेऱ्यांमध्ये तू लिहिणार तरी कसं, हे मी स्वतःला सांगतो. मग आठवतं की तुमच्याकडे पोस्ट आहे.

चांगली बातमी आधी. एका कॉलेजनं नोएमीला घेतलं. तिथे जनावरांचं शिकवतात, कॉलेजच्या स्वतःच्या गायी आहेत, घोडेही आहेत. ओफेलिया बाई शाळेतून धावत दुकानात आल्या, त्यांच्या चपलेचा पट्टा तुटला, तो मी तिथेच शिवून दिला. तुझे कागद पोचले म्हणून मदतही मंजूर झाली, चारही वर्षं, पण खाली एक ओळ आहे: कार्ड कायम असेल तर. बाईंनी ती ओळ दोनदा वाचली आणि मग हळूच म्हणाल्या, आपण आज ही ओळ वाचायची नाही. त्या दिवशी आम्ही मक्याचं सूप केलं, डुकराचं मांस घालून. नोएमीनं तीन वाट्या खाल्ल्या. तिसऱ्या वाटीला म्हणाली, "आजोबा, मी गेले तर तुम्ही एकटेच बोलत बसाल." मी म्हटलं, घोडे आहेत की. म्हणाली, "घोडे तुमच्या खोगिरांबद्दल काय बोलतात ते मला माहीत आहे."

मलाही साक्षीला बोलावलं आहे. वकीलबाई मला फोनवर शिकवते. ती जज होते, मी मी असतो. ती विचारते, "नोएमीचं घर कुठे आहे?" मला म्हणायचं असतं, फ्रेस्नोला, तिच्या वडिलांकडे. तेवढंच. पुढे मागे काही नाही. टोपी काढायची, पण सभ्यपणाचं काही बोलायचं नाही. पहिल्या दिवशी मी दोनदा चुकलो. तोंडातून आपोआप तेच येतं. नोएमी शेजारी बसून माझ्या गुडघ्यावर चापट मारायची, माझी आई मारायची तशी, फक्त उलट गोष्टीसाठी.

मग ती विचारते, "आणि तुमच्या घरी ती काय म्हणून राहिली?" मला म्हणायचं असतं, पाहुणी म्हणून.

हे मात्र मला जमत नाही. खोटं आहे म्हणून नाही, वकीलबाई म्हणते ते खरंच आहे. पण हे म्हणताना ती शेजारी बसलेली असते. काल सातव्या वेळेला जमलं. "पाहुणी म्हणून, मॅडम," असं मी स्वच्छ म्हणालो. वकीलबाई म्हणाली, छान. मी नोएमीकडे पाहिलं, तर ती उठून अंगणात गेली होती. तिथे तोमासाच्या कुंड्यांना पाणी घालत होती. सकाळीच घातलं होतं पाणी.

तर आता तुझं काम सांगतो. जज विचारणार की बापाच्या घरी हिची जागा कुठे आहे. खोली आहे का, पलंग आहे का, काही सामान आहे का. तिचा उशाला पिवळी फळी असलेला पलंग होता, ती सांगते. त्यावर आता ब्रेंदाचं पोर झोपत असेल, झोपू दे. दुसरा कुठलाही टाक. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात टाक, मी काही म्हणणार नाही. तिचा एखादा कोट खुंटीला राहिला असेल, तर तो खुंटीलाच ठेव. आराचेलीची कबर दाखवायला लागली तर दाखव. वकीलबाईनं ते लिहून घेतलं आहे. पोरगी तिला म्हणाली, "जिची आई जिथे पुरलेली, तिचं घर कुठलं हे विचारावं लागतं का?"

आणि तू ये. ३० मार्चला, सकाळी. कोर्टाचा पत्ता मागच्या पानावर आहे, नोएमीच्या अक्षरात. तिनं आपण होऊन लिहून दिला. मी मागितला नव्हता. खाली काहीतरी लिहून खोडलंय, मला वाचता आलं नाही, तू बघ तुला जमतंय का.

तुला जजसमोर बोलावं लागेल. तेव्हा 'आपलं' म्हणू नकोस. 'आमचं' नको, 'गरिबाचं' नको, मी शिकवलेलं काहीही नको. सरळ 'तिचं' म्हण. तिचं घर माझ्याकडे आहे. आणि ते मनापासून म्हणता येत नसेल, तर तेही मला आधी कळव, म्हणजे पोरीला कोर्टाच्या दारात वाट बघत उभं करणार नाही. तिथे तिनं दाराकडे बघत बसावं हे मला सहन होणार नाही.

तुला मी कधी ते सभ्यपणाचं बोललो नाही. पोटच्या पोराला कोण म्हणतं. पण मागच्या वर्षी फोनवर हे घर आता तुझं नाही असं बोललो, त्यानंतर तुला परक्यासारखं वाटत असेल, म्हणून परक्याला सांगतात तसं सांगतो. आपलं घर हेरेसला आहे, चर्चच्या मागच्या गल्लीत, दाराला निळा रंग. कोर्टातून परत जाताना वाट वाकडी केलीस तर सूप करू. हे मी रीत म्हणून लिहिलेलं नाही. त्या साहेबासारखं ऐक, लायो. शब्दशः.

हिलारियो हॉर्न वाजवतोय. त्याला सांगितलंय की पत्र या वेळी तुझ्याच हातात द्यायचं, आणि तू काही बोलेपर्यंत दारातून हलायचं नाही. लिहायला वेळ नसेल तर त्याच्याजवळ एक शब्द दे, येतो किंवा नाही. पण लवकर दे. पोरगी विचारत नाही, पण हिलारियोची गाडी गल्लीत वळली की तिचा हात थांबतो.

तुझा बाप,
सेवेरो